लाल ठिपक्यांच्या पुंगळ्या

बिटररूट, मोंटाना
९ सप्टेंबर १९८५

प्रिय कोरिन,

आधी कामाचं, रुसवेफुगवे नंतर. हिरव्या ठिपक्यांची काडतुसं उडवू नकोस. एकसुद्धा नाही. हे वाचतेस तशी ऊठ, ते डबे शोध आणि कुठेतरी उंचावर ठेव, म्हणजे घाईगडबडीत कुणाच्या हाताला लागायला नकोत. तुझ्या भावाला, एझ्रालाही सांग. मग येऊन पुढचं वाच.

ठेवलेस? बरं.

झालं असं, की काल मी गॅरेजमधली फळी आवरायला घेतली. एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला, तेव्हा माझी काडतुसं काढून बघावीत म्हटलं. बघते तर माझ्या जागेवर तुझे लाल ठिपक्यांचे डबे! माझे हिरवे कुठेच नाहीत. एप्रिलमध्ये तू पिकअपमध्ये बसून समोरच्या काचेतून सरळ पुढे बघत होतीस आणि आर्ने तुझं सामान मागे चढवत होता, ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. डब्यांची अदलाबदल तेव्हाच झाली असणार. माझाच मुलगा आहे म्हणून सांगते, त्याला सामान बांधायला सांगायचं तर नंतरच्या शोधाशोधीची तयारी ठेवावी लागते.

तू म्हणशील, त्यात बिघडलं कुठे? दोघींच्या रायफली एकाच मापाच्या. काडतूस आत जातं, नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट मिटतो, चाप ओढला की उडतं. सगळं खरं आहे. बोल्ट मिटतो हीच तर पंचाईत आहे. मिटला नसता तर तुला निदान कळलं असतं.

आता नीट ऐक, कारण हे तुला कधी सांगायची वेळच आली नाही. नेम तुझा आणि काडतुसं भरायची फळी माझी अशी आपली वाटणी होती आणि छान चाललं होतं. तुझी रायफल तुझ्या सासऱ्याच्या, म्हणजे निल्सच्या, वडिलांनी सैन्याच्या जुन्या मालातून उचललेली. नळी एका रायफलची, बोल्ट भलत्याच रायफलचा. त्यामुळे बोल्टच्या तोंडापासून आतल्या खांद्यापर्यंत, म्हणजे काडतुसाची पुंगळी तोंडाकडे निमुळती होते तो तिचा खांदा जिथे टेकायला हवा तिथपर्यंत, अंतर जरा जास्त आहे. जरा म्हणजे दोन-तीन कागद एकावर एक ठेवावेत तेवढं. डोळ्यांना दिसायचं नाही. माझी रायफल मात्र घट्ट. लोकांनी तुझ्या सासऱ्याला सांगून पाहिलं, की बाबा, नळी बदलून घे. तो म्हणायचा, "म्हातारीची हाडं कशाला मोडायची? कपडेच तिच्या मापाचे शिवू." तेव्हापासून आमच्या घरात तेच चालत आलंय. पितळेची पुंगळी ज्या रायफलमध्ये उडते, तिच्या आतल्या आकाराची होऊन बाहेर पडते. मग मी ती डायमध्ये, म्हणजे यंत्राच्या पोलादी साच्यात, घालून अगदी हलकी दाबते, खांदा नावापुरता मागे सारते, म्हणजे पुढच्या वेळी त्याच रायफलमध्ये ती अलगद बसते. लाल ठिपका म्हणजे ऐसपैस, हिरवा म्हणजे घट्ट. तुझ्या लग्नातली लाल नेलपॉलिशची बाटली मी त्यासाठी मागून घेतली होती, हिरवी विकत आणली. शाळेच्या डब्यावर नाव घालतात तसा तो प्रकार नव्हता गं.

माझं घट्ट काडतूस तुझ्या ऐसपैस जागेत गेलं की त्याला मागेपुढे हलायला वाव मिळतो. उडताना पुंगळीचा पुढचा भाग नळीला चिकटून बसतो आणि बूड मागे रेटलं जातं. मधलं पितळ ताणतं. पितळ नवं असतं तर एक-दोनदा सोसलं असतं. माझ्या हिरव्या पुंगळ्या मी वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा भरत आलेय. माझ्या रायफलमध्ये त्यांना काही होत नाही, तुझ्यात त्या बुडाच्या जरा वर तुटतील. अर्धी पुंगळी आत अडकेल, तापलेला वायू उलटा तुझ्या तोंडावर येईल आणि त्यानंतर तुझ्या हातात रायफल नसेल, नुसती काठी असेल. अलास्कात अशा वेळी समोर काय उभं असू शकतं, ते मी सांगायला नको.

बाकी रुसव्याफुगव्यांचं एवढंच, की घटस्फोट तुमचा दोघांचा झाला. त्या कागदांवर माझी सही कुणी मागितली नव्हती, आणि मी ती केलेलीही नाही.

हिल्मा

हकलबेरीचा जॅम केलाय. तुझ्या वाटणीच्या बाटल्या वेगळ्या ठेवल्यात.


२२ सप्टेंबर १९८५

प्रिय कोरिन,

पत्र पेटीत टाकून मी निर्धास्त झाले, आणि मग पोस्टातल्या बाईनं सांगितलं, की तुमच्याकडे टपालाचं विमान हवा मेहेरबान असेल तेव्हाच उतरतं. कधीकधी पंधरा-पंधरा दिवस नाही. तुमच्या केबिनीत फोन नाही, तारेचा पत्ता नाही. करू काय?

मग आठवलं. तुमच्या लग्नात एझ्रा सांगत होता, की तिकडे संध्याकाळी रेडिओवर रानातल्या लोकांसाठी निरोप वाचतात. कुणाचा काका येतोय, कुणाला मुलगी झाली, कुणाचा दात काढायचा राहिलाय. सगळं खोरं कान लावून ऐकतं. चौकश्या करकरून मी त्या रेडिओवाल्यांचा नंबर मिळवला. एका तरुण मुलीनं फोन घेतला.

"सुनेला निरोप द्यायचाय," मी म्हटलं.

"सांगा. थोडक्यात हं, आजी."

"हिरव्या ठिपक्यांची काडतुसं उडवू नकोस. ती तुझ्या रायफलची नाहीत. पत्रात सगळं लिहिलंय."

मग ती म्हणाली, "आजी, आम्ही सांकेतिक निरोप घेत नाही. तसा नियमच आहे."

"सांकेतिक कसले कपाळाचे! काडतुसं म्हणजे काडतुसं आणि ठिपके म्हणजे ठिपके."

"आणि हिरवे म्हणजे?"

"नेलपॉलिश."

तिला हसू आवरेना. मग मी तिला सगळं समजावलं, बोल्ट, खांदा, पितळ, सगळं. तशी ती एकदम गंभीर झाली. म्हणाली, माझे बाबा पण घरी काडतुसं भरतात, त्यांना विचारते आज. त्या बिचाऱ्यांच्या जेवणाचं आज काय होईल कोण जाणे. शेवटी तिनं विचारलं, "खाली काय घालू? सून म्हणताय, पण ती तर इकडे भावाकडे राहते. सासू लिहू की माजी सासू?"

"सासूच लिही," मी म्हटलं. "माजीबिजी वकिलाच्या कपाटात असतं."

आज संध्याकाळी वाचणार आहेत. उद्याही वाच म्हणून सांगितलंय, आणि परवाही. सगळ्या अलास्काला आता आपल्या घरातली भानगड कळेल. कळू दे. तू ऐक म्हणजे झालं.

आर्नेला याबद्दल अजून काही बोलले नाही. लाकडाच्या गिरणीत सध्या त्याला रविवारचीही पाळी असते. घरी येतो, जेवतो, तुझी खुर्ची सोडून दुसऱ्या खुर्चीवर बसतो.

हिल्मा


१४ ऑक्टोबर १९८५

प्रिय कोरिन,

एझ्राचं पत्र आलं. सोबत पितळेचा तो तुकडाही. तुटलेलं बूड, कडेला चकचकीत, आणि वर माझा हिरवा ठिपका जसाच्या तसा. माझ्या हातातून ते फळीवर पडलं आणि गरगरत राहिलं.

एझ्रा लिहितो, निरोप रेडिओवर आला त्याच्या आदल्याच दिवशी हे घडलं. मासे वाळत घातले होते तिथे अस्वल आलं, तू हवेत बार काढलास, आणि धूर तुझ्याच तोंडावर आला. बोल्ट उघडलास तर नुसतं बूड हातात. पुढचं काडतूस आत जाईना. अस्वल तिथेच उभं. मग तू पातेलं बडवत किंचाळत राहिलीस, आणि ते स्वतःच कंटाळून गेलं. भुवई जळली, गालावर काळे डाग राहिलेत, डोळा चष्म्यामुळे वाचला.

चष्म्यामुळे! किती वर्षं मी तुला गोळी झाडताना लावायच्या त्या चष्म्यावरून बोलत आले आणि तू तोंड वाकडं करून लावत आलीस. पोरी, तू तो तिथेही लावतेस, माझ्या मागे, कुणी बोलायला नसताना, हे वाचून मला रडू आलं. मी लपवत नाही, अगदी ढसाढसा रडले.

एझ्रा भला माणूस आहे, त्यानं शेवटची ओळही गाळली नाही. "कोरिनचं म्हणणं आहे, की आर्नेनं हे मुद्दाम केलं. तिचे चांगले डबे ठेवून घेतले आणि जुना माल गळ्यात मारला. कदाचित तुम्हालाही ते ठाऊक होतं." लिहिताना त्याला जड गेलं असणार, अक्षर तिथे फार बारीक झालंय.

याला मी काय उत्तर देऊ? मी तुझी माजी सासू असेन, मारेकरीण नाही. मला माहीत असतं तर मी त्या पिकअपसमोर आडवी पडले असते. पण तू ते ऐकून विश्वास ठेवशील असं वाटत नाही, आणि तुझ्या जागी असते तर मीही ठेवला नसता. आर्नेचं सांगायचं तर, तो रागीट नाही, घुमा आहे. घुमेपणाचा तुला त्रास झाला हे मी पाहिलंय. पण तुझ्या जिवावर उठेल असा मुलगा मी जन्माला घातलेला नाही. हे आईचं बोलणं झालं, त्याला पुरावा नाही. पुरावा काढून दाखवते. मला थोडा वेळ दे.

यंदा मी शिकारीला जात नाही. गुडघा.

हिल्मा


२ नोव्हेंबर १९८५

प्रिय कोरिन,

आजचं पत्र लांबणार आहे, कॉफी घेऊन बैस.

मी आर्नेला फळीपाशी उभं केलं. एझ्रानं पाठवलेलं बूड त्याच्या तळहातावर ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. मी तेवढ्यावर थांबले नाही. तुझ्या जळलेल्या भुवईचा राग मला कुठेतरी काढायचा होता.

"डोळे होते की नव्हते तुला?" मी म्हटलं. "लाल तिचे, हिरवे माझे. लहान पोरालाही कळलं असतं!"

तो बूड बोटांत फिरवत राहिला.

"बोल की! मुद्दाम केलंस?"

"नाही."

"मग?"

"सगळे सारखेच दिसतात, आई."

"काय सारखे दिसतात?"

"ठिपके."

मी तुझा लाल डबा उघडून त्याच्या समोर ठेवला. शेजारी हे हिरव्या ठिपक्याचं बूड. म्हटलं, वेगळं कुठलं ते दाखव. तो बघत राहिला. मग खांदे पाडून म्हणाला, "दोन्ही मातकट आहेत. तुम्ही लाल-हिरवं म्हणता म्हणून मीही म्हणतो. तुझे डबे नेहमी डावीकडे असतात, म्हणून मला कळायचं. त्या दिवशी ते फळीवर एकत्र होते."

एकत्र का होते तेही सांगते. आदल्या दिवशी मी झाडझूड केली होती. तू जाणार म्हणून हात रिकामे ठेववत नव्हते.

कोरिन, माझा मुलगा एक्केचाळीस वर्षांचा झाला, मी त्याला वाढवला, आणि त्याला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही हे मला आत्ता कळलं. स्ट्रॉबेरी खुडताना तो कच्च्या का आणायचा, ते कळलं. मी धसमुसळा म्हणून पाठीत धपाटे घालायचे. एकोणिसाव्या वर्षी रेल्वेनं त्याला नोकरी नाकारली, तेव्हा घरी येऊन सांगितलं, पाठ कमजोर निघाली. पाठ कसली कमजोर! एल्कची अख्खी तंगडी खांद्यावर टाकून डोंगर उतरतो तो. त्यांनी सिग्नलचे दिवे ओळखायला लावले होते. आमच्या खोऱ्यातला प्रत्येक पुरुष रेल्वेत नाहीतर गिरणीत. तिथे हे सांगायची लाज वाटली, आणि मग एकदा पाठीचं सांगून बसल्यावर पाठच निभावत राहिला.

आता तुला जे सांगायचंय ते हे. तुम्ही वेगळे व्हायच्या आदल्या हंगामात तू एल्कला गोळी घातलीस आणि तो जखमी होऊन खाली झाडीत उतरला, आठवतं? अंधार पडायला आला होता. तू म्हणालीस, चल, रक्ताचा माग काढू. आर्ने ट्रकपाशी बसून राहिला. तू एकटी गेलीस, एल्क शोधलास, एकटीनं सोलायला घेतलास, आणि परत आल्यावर त्याच्याशी आठवडाभर बोलली नाहीस. मलाही तू म्हणालीस, "ज्याला माझ्यासोबत चार पावलं यायचं जिवावर येतं, त्याच्यासोबत मी जन्म कसा काढू?"

अगं, हिरव्या गवतावरचं रक्त त्याला दिसत नाही. आयुष्यात कधी दिसलेलं नाही. दरवेळी तो काहीतरी निमित्त काढून दुसऱ्याला पुढे घालायचा. त्या संध्याकाळी निमित्त सुचलं नाही, म्हणून बसून राहिला. मी विचारलं, "निदान सोबत तरी जायचंस!" तर म्हणतो, "गेलो असतो तर मागावर पाय दिला असता. तिला कळलं असतं."

एवढ्यानं संसार मोडत नाही, हे मला समजतं. तुमचं आणखी काय काय होतं ते तुमचं तुम्हाला ठाऊक. तू परत ये असं मी म्हणत नाहीये. फक्त ते डबे मुद्दाम दिले असं मनात ठेवून राहू नकोस. ते मनात ठेवून एवढा लांब हिवाळा काढणं वाईट.

त्यानं मला शपथ घातली होती, की तुला हे कळवायचं नाही. मी पाठीमागे बोटं एकमेकांवर चढवून, म्हणजे शपथ खोटी ठरवून, हो म्हटलं.

हिल्मा


१ डिसेंबर १९८५

प्रिय कोरिन,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. पण हिवाळा आला आणि तुझ्या रायफलला खायला घालायला काही नाही, हे काही मला बघवत नाही. म्हणून सोबतचं पार्सल.

पोस्टातून भरलेली काडतुसं जात नाहीत, रिकामं पितळ जातं. तेव्हा तुझी लाल ठिपक्यांची सगळी काडतुसं मी मोकळी केली. गोळ्या उपसल्या, बुडातल्या ठिणगीच्या टोप्या काढल्या, दारू गुलाबांच्या मुळाशी ओतली. पुंगळ्या तुझ्या रायफलच्या मापात दाबलेल्याच आहेत. रायफल तिकडे असली तरी तिचं माप इथे माझ्या फळीवर आहे, तिच्यात उडालेली एक पुंगळी मी नमुना म्हणून जपून ठेवलीय. प्रत्येकीत वाकवलेली तार घालून आतून चाचपून पाहिलंय. पितळ ताणलं असेल तर तारेला आत चर लागतो. ज्यांच्याविषयी मला किंचितही शंका आली त्या फेकल्या.

एझ्राच्या शेजाऱ्याकडे काडतुसं भरायचं यंत्र आहे असं तो लिहितो. त्या शेजाऱ्याला माझा निरोप सांग, की नुसती टोपी, दारू आणि गोळी भर. पुंगळ्या पुन्हा डायमध्ये घालू नकोस. तो कंपनीच्या कागदाप्रमाणे डाय खालपर्यंत आवळेल, खांदा सगळा मागे ढकलेल, आणि माझ्या कामावर पाणी पडेल. त्याला पटत नसेल तर सांग, पुंगळीच्या खांद्यावर मेणबत्तीची काजळी धर आणि बघ डाय कुठे लागते ते. जिथे काजळी पुसली जाईल, तिथे ती लागतेय. आणि तरीही पटलं नाही तर त्याला माझा फोन नंबर दे.

आर्नेला मी तुला सगळं लिहिल्याचं सांगितलं. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कानस घेऊन गॅरेजात आला. म्हणाला, "आई, ठिपक्यांऐवजी खाच मारली तर? बुडाच्या कडेला, बारीक. तुझ्या पुंगळ्यांवर एक, तिच्यांवर दोन. अंगठ्याला लागेल. पुन्हा कुणाची चूक व्हायला नको." एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून बऱ्याच वर्षांनी ऐकलं.

माझ्या उरल्यासुरल्या रिकाम्या पुंगळ्यांवर मी एकेक खाच मारली. तुझ्यांवर नाही मारली. त्यांना तुझा ठिपका आहे आणि त्या तुझ्या आहेत. त्यांचं काय करायचं ते तू ठरव.

आणखी एक. माझा गुडघा ठणठणीत आहे. एझ्राचं पत्र आल्यापासून रायफल खांद्याला लावली की मला तुझा गाल दिसतो. म्हणून गेले नाही. यंदा शेजाऱ्यांनी दिलेल्या मांसावर भागवतोय.

गालावरचे डाग गेले का? लोणी लाव. पण कशाला सांगते, तू लावायची नाहीस.

हिल्मा

जॅम पार्सलात आहे. मोज्यांत गुंडाळलाय. मोजे आर्नेनं घेतलेत, रंगाबद्दल काही म्हणू नकोस.


१९ एप्रिल १९८६

प्रिय कोरिन,

काल तुझा डबा आला. कॉफीचा जुना डबा, टेपनं आवळलेला, पत्ता तुझ्या अक्षरात. हलवला तर आत पितळ वाजलं. पोस्टातल्या बाईनं विचारलं, "चिल्लर का हो?" मी म्हटलं, "त्याहून बरं." घरी येईपर्यंत मी तो शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला होता.

चिठ्ठी शोधली. डबा उलटा केला, तळाला बोट फिरवून पाहिलं. चिठ्ठी नव्हती. नुसत्या पुंगळ्या, सगळ्या उडालेल्या. म्हणजे तू त्या वापरल्यास. माझ्या हातून गेलेल्या पितळावर, एवढं होऊनही, तू पुन्हा गाल टेकलास. मी खुर्ची ओढून बसले.

मग चष्मा लावून एकेक पाहायला घेतली. बुडाच्या वर कुठेही ती चकचकीत रेघ नाही. तार घातली, चर नाही. खांदे तुझ्या रायफलनं घडवले तसे, नमुन्याशी तंतोतंत. एझ्राच्या शेजाऱ्यानं शहाण्यासारखं ऐकलेलं दिसतंय. लाल ठिपके मात्र पुसट झाले होते. म्हटलं, नवे लावावेत. पुंगळी उलटी केली आणि कडेवर नख अडकलं.

खाच होती. वाकडी, एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ. तिच्या शेजारी दुसरी.

मी दुसरी पुंगळी उचलली, मग तिसरी, मग सगळ्याच. प्रत्येकीवर दोन खाचा. एझ्रा सुतार आहे, त्याच्या हातच्या असत्या तर सरळ आल्या असत्या. कानस अशी कोयत्यासारखी धरणारी मला माहितीतली एकच आहे.

आर्ने अंगणात लाकडं फोडत होता. मी त्याला गॅरेजात बोलावलं. काही सांगितलं नाही. माझी एक पुंगळी आणि तुझी एक त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "कुणाची कुठली?"

त्याला वाटलं मी पुन्हा परीक्षा घेतेय. चेहरा उतरला. सवयीनं त्यानं ठिपके दिव्याकडे धरले, काही कळलं नाही, हात खाली आणला. आणि मग त्याचा अंगठा कडेवरून फिरला. माझ्या पुंगळीवर एकदा थांबला. तुझ्या पुंगळीवर दोनदा थांबला, पुढे गेला, आणि परत आला.

"ही कोरिनची," तो म्हणाला.

"हो."

"तू मारल्यास खाचा?"

"मी नाही."

त्यानं स्टूल ओढलं, बसला, आणि डब्यातल्या साऱ्या पुंगळ्या एकेक करून अंगठ्यानं पाहिल्या. एक पुरली असती. मी बाहेर जाऊन त्याची राहिलेली लाकडं रचली.

परत आले तर म्हणाला, "आई, या दाबायला मी घेऊ का?" आजवर त्यानं त्या यंत्राला हात लावला नव्हता. मी त्याला मेणबत्ती पेटवून दिली. काजळी काळी आणि पितळ पिवळं, एवढं त्याला स्वच्छ दिसतं. डाय तो हळूहळू खाली आणत गेला, दरवेळी पुंगळी काढून बघत, नमुन्याशी ताडत. माझ्यापेक्षा सावकाश करतो. खांद्याची काजळी जेमतेम पुसली जायला लागली तिथे थांबला, आणि मला हाक मारून विचारलं, एवढंच ना? एवढंच, मी म्हटलं.

सोबतच्या साऱ्या पुंगळ्या त्यानं दाबल्यात. मी प्रत्येक तपासलीय, आणि माझ्याकडून त्यात काही कमी नाही. पण दाबल्यात त्यानं, हे तुला सांगितल्याशिवाय पाठवणं मला बरं वाटलं नाही. नको असतील तर सांग, मी माझ्या हातानं नव्या करून देईन, आणि यातलं अवाक्षर त्याच्यापाशी बोलणार नाही. या वेळी बोटं सरळ आहेत.

उडवल्यास तर परत पाठवायला डबा तोच वापर, चांगला आहे.

उडवताना चष्मा लाव.

तुझी सासू,
हिल्मा